चॅरिटी शो करताय? आधी खातं ठरवा, पोस्टर नंतर

दर काही दिवसांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर एक पोस्टर येतं. वर एखाद्या पेशंटचा नाहीतर शाळेच्या पडक्या भिंतीचा फोटो, खाली "एक हात मदतीचा", आणि त्याच्याखाली क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की नाव दिसतं ते ग्रुपमधल्याच कोणाचं तरी, साधं सेव्हिंग अकाउंट. अशा माणसाला मी जमेल तेवढे पैसे तर पाठवतेच, पण लगेच फोनही करते, कारण ज्याच्या नावावर ते खातं आहे त्याला बहुतेक वेळा कल्पनाच नसते की चांगलं काम करता करता तो स्वतःच्या डोक्यावर काय ओढवून घेतोय.

मी सीए नाही. तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या ट्रस्टचे हिशोब बघते, पावत्या फाडते, सीएकडे फाइल घेऊन जाते आणि धर्मादाय कार्यालयात खेपा घालते. त्यामुळे कोणी काही मदतनिधी गोळा करायला निघालं की नात्यातले, ओळखीतले लोक मला विचारतात. यावेळी माझ्या मावसभावाच्या दहावीच्या बॅचने मनावर घेतलं, गावातल्या धर्मादाय दवाखान्याला डायलिसिसचं मशीन द्यायचं, त्यासाठी नाट्यगृहात गाण्यांचा कार्यक्रम, मधे एक छोटं प्रहसन, आठ लाख जमवायचे. "ताई, पोस्टर तयार आहे, फक्त एकदा नजर टाक" म्हणून त्याने पाठवलं आणि मग आमचं जे बोलणं झालं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, म्हणजे पुढच्या कोणाला उपयोगी पडेल.

दोन प्रश्न आधी सोडवा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. पैसे कोणाच्या खात्यात येणार? आणि देणाऱ्याला त्याच्या बदल्यात काय मिळणार?

पहिला प्रश्न. त्याच्या पोस्टरवर बॅचमधल्या एका मित्राचं खातं होतं. माणूस सोन्यासारखा, प्रामाणिकपणाबद्दल शंकाच नाही. पण आयकर खात्याला तो फक्त एक पॅन नंबर आहे आणि त्याच्या खात्यात शंभर लोकांकडून आठ लाख आलेत एवढंच दिसतं. आयकर कायद्यात कलम ५६(२)(x) आहे, त्यात वर्षभरात नातेवाईक सोडून इतरांकडून काही मोबदला न देता मिळालेली रक्कम ५०,००० च्या वर गेली की ती उत्पन्न धरतात, आणि ५०,००० च्या वरची तेवढीच धरतात असं नाही, सगळीच्या सगळी धरतात. लग्नातला आहेर सुटतो, सख्ख्या नात्यातलं सुटतं, मित्राने दिलेलं सुटत नाही. आता तो म्हणू शकतो की हे पैसे माझे नाहीतच, मी नुसता गोळा करणारा, आणि हे म्हणणं चुकीचंही नाही, पण ते कागदावर दाखवावं लागतं. कोणी किती दिले, कशासाठी दिले, पुढे कुठे गेले, ओळीने. आणि हे दाखवायची वेळ येते ती नोटीस आल्यावर, कार्यक्रम होऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर, तोवर ग्रुप बंद पडलेला असतो, स्क्रीनशॉट जुन्या फोनबरोबर गेलेले असतात.

पेशंटसाठी गोळा करणाऱ्यांना तर हे जास्त लागू आहे. आजारी माणसाच्या घरच्यांच्या खात्यात लोकांनी उपचारासाठी दिलेले पैसे, यालाही हेच कलम. कोविडच्या वेळी सरकारने खास सूट दिली होती, कोविडच्या उपचारासाठी मिळालेली मदत करमुक्त केली, पण ती कोविडपुरतीच. बाकी आजारांना अशी सरसकट सूट नाही. मात्र त्याच कलमात एक वाट ठेवली आहे, आयकर खात्याकडे १२ए किंवा १२एबी कलमाखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या ट्रस्टकडून आलेली मदत पेशंटच्या हातात करपात्र धरत नाहीत (ट्रस्टींच्या स्वतःच्या घरच्यांना दिली तर मात्र हे चालत नाही). म्हणून मी पेशंटच्या घरच्यांना नेहमी सांगते, शक्य असेल तर ट्रस्टमार्फत घ्या, आणि ट्रस्टने थेट हॉस्पिटलच्या बिलापोटी भरावेत.

थोडं विषयांतर होतंय, पण पेशंटचा विषय निघालाच आहे तर. लोकवर्गणीचं पोस्टर काढण्याआधी एक गोष्ट विचारा, हॉस्पिटल धर्मादाय आहे का? महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना आहे ही, आणि त्यासाठी हॉस्पिटलला आपल्या बिलांतले २ टक्के वेगळ्या निधीत टाकावे लागतात. निर्धन म्हणजे वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. कितीतरी मोठी नावाजलेली हॉस्पिटलं धर्मादाय असतात आणि पेशंटच्या घरच्यांना ते माहीतच नसतं, ते बिचारे ग्रुपवर हात पसरत बसतात. आधी तिथल्या समाजसेवा विभागात जा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन. मग उरलेल्याचं बघू. आणि कर माफ होऊ शकतो हेही लक्षात ठेवा. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाला एसएमए या (स्नायू निकामी करणाऱ्या जनुकीय) आजारासाठी परदेशातून इंजेक्शन आणायचं होतं, लोकांनी ऑनलाइन वर्गणीतून १६ कोटी जमवले, आणि वर आयात शुल्क आणि जीएसटी मिळून ६ कोटींच्या आसपास कर बसत होता. तेव्हा विरोधी पक्षनेते असलेल्या देवेंद्र फडणवीसांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं आणि केंद्राने तो कर माफ केला. लोकांनी पोटाला चिमटा काढून दिलेल्या पैशावर सहा कोटींचा कर! एका बाळासाठी माफ झाला, चांगलंच झालं, पण अशी सूट मागायला दर वेळी कोणी मोठा माणूस पत्र लिहायला मिळेलच असं नाही, हे मला अजून सलतं.

असो. बॅचकडे परत येते. दुसरा कागद धर्मादाय कार्यालयाचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चा कायदा, त्यातलं कलम ४१ क. तुम्ही नोंदणीकृत ट्रस्ट नसाल आणि लोकांकडून धर्मादाय किंवा धार्मिक कामासाठी वर्गणी घ्यायची असेल तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची आणि नंतर हिशोब द्यायचा. हे कोणाला नवीन वाटायला नको, गणपतीच्या आधी प्रत्येक मंडळ हीच परवानगी काढतं, आता ती ऑनलाइनही मिळते. पण गणपतीला जे मंडळ न चुकता हे करतं, तेच मंडळ डिसेंबरात रक्तपेढीसाठी ऑर्केस्ट्रा ठेवतं तेव्हा "हे तर समाजकार्य आहे, याला कशाला परवानगी" म्हणतं. समाजकार्य आहे म्हणूनच परवानगी लागते, कायदा त्यासाठीच आहे, लोकांच्या भल्यासाठी म्हणून गोळा केलेला पैसा कुठे गेला हे विचारणारं कोणीतरी असावं म्हणून.

बॅचला मी म्हटलं, यातलं काहीच तुम्ही अंगावर घेऊ नका. दवाखाना धर्मादाय आहे, त्यांच्या ट्रस्टची नोंदणी आहे, १२ए आहे, ८०जी (देणगीदाराला करात वजावट मिळते ती मंजुरी) आहे, मशीनही त्यांच्याच नावावर येणार आहे. मग पैसे पहिल्या रुपयापासून त्यांच्याच खात्यात जाऊ द्या, तुम्ही फक्त लोकांना सांगायचं आणि राबायचं. भावाला आधी हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, लोक आम्हाला बघून देणार, ट्रस्टला बघून नाही, आणि ट्रस्टने पैसे दुसरीकडेच वापरले तर? ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय एक पत्र. ट्रस्टच्या विश्वस्तांनी ठराव करून लिहून द्यायचं की या कार्यक्रमातून आणि या आवाहनातून आलेली देणगी डायलिसिस मशीनसाठीच वापरू, हिशोब अमुक महिन्यात देऊ, आणि पावतीवरही "डायलिसिस मशीन निधी" असं छापायचं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी ते आनंदाने दिलं. उलट त्यांनीच सांगितलं की कोटेशन जीएसटीसकट धरा, आरोग्यसेवेवर जीएसटी नसल्यामुळे दवाखान्याला मशिनवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो किमतीतच जातो. हे नसतं कळलं तर शेवटी पैसे कमी पडले असते.

आता ८०जी. सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दल आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (१ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा २०२५ चा कायदा आहे, कलमांचे नंबर बदललेत. मी इथे जुनेच लिहितेय कारण सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत. फॉर्म भरताना मात्र नवीन नंबर सीएला विचारून घ्या.)

लोकांना वाटतं ८०जीची पावती म्हणजे दिलेले सगळे पैसे टॅक्समधून परत. तसं नसतं. आपल्यासारख्या साध्या धर्मादाय ट्रस्टला दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, म्हणजे १०,००० दिले तर ५,००० उत्पन्नातून कमी, आणि त्या ५,००० वर जो काही तुमचा टॅक्स बसला असता तेवढा वाचतो. त्यालाही वरून मर्यादा आहे, एकूण उत्पन्नातल्या ठरावीक वजावटी काढून जे उरतं त्याच्या १० टक्क्यांपर्यंतचीच देणगी धरतात. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी यांना १०० टक्के वजावट आहे, पण ते वेगळे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवीन कर प्रणालीत ८०जी मिळतच नाही. २०२३-२४ पासून नवीन प्रणाली हीच आपोआप लागू होते, जुनी हवी तर निवडावी लागते, त्यामुळे नोकरी करणाऱ्या कितीतरी मुलामुलींना तुमच्या पावतीचा करासाठी काडीचा उपयोग नाही. म्हणून पोस्टरवर मोठ्या अक्षरात "८०जी सवलत उपलब्ध" लिहून लोकांना खेचू नका, खाली छोट्या अक्षरात "जुनी कर प्रणाली निवडली असल्यास" लिहा. लोक तरीही देतात, माझा अनुभव आहे. पण नंतर "तुम्ही तर सूट मिळेल म्हणाला होतात" असं ऐकायची वेळ येत नाही.

कॅश २,००० पर्यंतच. त्याच्या वर रोख दिली तर देणगी घेता येते, पण ८०जी नाही. वस्तू दिली तरी नाही, कोणी म्हणालं की मी पैसे न देता आरओ प्लांटच आणून देतो, तर खूप छान, मनापासून आभार, पण पावती वस्तूची आणि करसवलत शून्य. बॅचमधल्या एकाने सुचवलं होतं की आपण चौघे-पाचजण मशिनच्या कंपनीलाच थेट पैसे भरू, तिथेही हेच, ती वस्तूरूपातली देणगी होते. दोन लाख किंवा जास्त रोख तर एका माणसाकडून एका दिवसात, एका व्यवहारात, किंवा एका प्रसंगासाठी घ्यायचीच नाही, कलम २६९एसटी, आणि दंड किती तर जेवढी घेतली तेवढाच. गावाकडे व्यापारी मंडळी पिशवी घेऊन येतात, "लिहू नकोस, नाव नको" म्हणतात, त्यांच्या मनात खरंच नावाचा मोह नसतो, पण अशा वेळी हात जोडून चेक मागायचा.

निनावी देणगीचं पण बघा. हॉलच्या दारात दानपेटी ठेवायची सगळ्यांना हौस. धर्मादाय ट्रस्टला नाव-पत्ता नसलेली देणगी आली तर एका मर्यादेच्या पलीकडे तिच्यावर ३० टक्के कर लागतो. मर्यादा म्हणजे एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातली जी जास्त ती. फक्त धार्मिक असलेल्या ट्रस्टांना यातून वगळलंय, म्हणून देवळातल्या पेटीला जे चालतं ते दवाखान्याच्या पेटीला चालत नाही. छोट्या कार्यक्रमात एक लाखाच्या वर पेटी भरत नाही, तरी पेटीशेजारी एक वही आणि एक बसलेला माणूस ठेवा.

आणि पॅन मागायला लाजू नका. ट्रस्टला वर्षभरातल्या देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडीत भरावी लागते, आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत, नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम, कशी दिली. मग पोर्टलवरून प्रत्येकाचं १०बीई प्रमाणपत्र निघतं आणि देणगीदाराला वजावट त्याच्यावरच मिळते, नुसत्या छापील पावतीवर नाही. उशीर झाला तर ट्रस्टला दिवसाला २०० रुपये. क्यूआरवर आलेल्या पैशांचं इथेच अडतं, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फक्त यूपीआय आयडी आणि अर्धवट नाव, मग मे महिन्यात हे पाचशे एक कोणाचे, हे हजार कोणाचे करत बसायचं. पोस्टरवर क्यूआरच्या खाली एक ऑनलाइन फॉर्मची लिंक द्या, पैसे भरले की नाव, पॅन, पत्ता आणि नागरिकत्व भरा म्हणून. नागरिकत्व कशाला ते पुढे सांगते.

अजून एक, समाजाच्या मंडळांसाठी. एखाद्या विशिष्ट जातीच्या किंवा धर्माच्या लोकांसाठीच काम करायचं असं ज्या ट्रस्टच्या घटनेत लिहिलंय त्याला ८०जी मिळत नाही. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, महिला, मुलं यांच्यासाठी असेल तर अडत नाही. आपल्याकडे ज्ञातिमंडळांची विद्यार्थी वसतिगृहं, शिष्यवृत्त्या खूप, काम मोलाचं, पण "फक्त आमच्या समाजातील" हे शब्द घटनेत असले तर ८०जी विसरा.

आता दुसरा प्रश्न, बदल्यात काय मिळणार. तिकिटाला "देणगी प्रवेशिका" नाव दिलं की ती देणगी झाली असं आपल्याकडे सर्रास धरतात. होत नाही. माणसाने पैसे दिले आणि त्याबदल्यात खुर्ची मिळाली, गाणी ऐकायला मिळाली, तर ती प्रवेशाची किंमत, ८०जीची पावती द्यायची नाही. बॅचचा प्लॅन होता ५,००० चं पुढच्या तीन रांगांचं "डोनर पास" आणि त्यावर पूर्ण ८०जी. मी नको म्हटलं. मग असं ठरलं की सगळी तिकिटं ३०० आणि ५०० ची, आणि देणगी वेगळी, ऐच्छिक, देणगी दिली न दिली याचा खुर्चीशी काही संबंध नाही. पुढची रांग दवाखान्यातल्या नर्स आणि डायलिसिसच्या पेशंटच्या घरच्यांना. ही कल्पना भावाची, मला फार आवडली.

५०० च का, तर जीएसटी. नाटक, गाण्याचा कार्यक्रम, नृत्य, सर्कस अशांचं तिकीट माणशी ५०० पर्यंत असेल तर जीएसटी माफ आहे, २०१८ च्या आधी ही मर्यादा २५० होती. त्याच्या वर गेलं की १८ टक्के. अर्थात आयोजकाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल तर तसाही जीएसटी लावता येत नाही, पण दवाखान्याच्या ट्रस्टला औषधाच्या दुकानामुळे नोंदणी होती, म्हणून ५०० च्या आत राहणं बरं. पूर्वी चॅरिटी शोला करमणूक कर माफ करून घ्यायला कलेक्टर ऑफिसला फेऱ्या असायच्या, जुन्या रंगकर्मींना आठवत असेल, तो राज्याचा कर १ जुलै २०१७ ला जीएसटीत गेला.

मग स्पॉन्सर. गावातल्या एका सराफांनी एक लाख कबूल केले आणि विचारलं, मागे मोठा बॅनर लावणार ना? आणि पावती देणार की बिल? हा प्रश्न त्यांनी विचारला हे फार बरं झालं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जीएसटीचं एक परिपत्रक आलंय, त्यात हे स्वच्छ सांगितलंय. देणगीदाराचं नाव कृतज्ञता म्हणून लिहिलं, आईच्या स्मरणार्थ अमुक यांच्याकडून अशी पाटी लावली, त्यात धंद्याची जाहिरात नाही, तर ती देणगीच, जीएसटी नाही. पण दुकानाचा लोगो, पत्ता, "दिवाळी ऑफर घडणावळीवर सूट" असा बॅनर लागला की ती जाहिरातीची सेवा झाली, मग बिल आणि नोंदणी असेल तर जीएसटी. स्मरणिकेतल्या जाहिरातींचं पण तसंच. व्यापाऱ्याला खरं तर जाहिरातीचं बिल जास्त सोयीचं पडतं, पूर्ण रक्कम धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येते, देणगीत निम्मीच. दोन्ही मार्ग सरळ आहेत, पण दोन्हीचा फायदा एकाच वेळी नाही. सराफांनी आईवडिलांच्या नावाची पाटी निवडली.

कार्यक्रमाच्या परवानग्यांवर भरभर लिहिते. नाट्यगृहाची तारीख, पोलिसांची परवानगी, मैदानावर असेल तर लाउडस्पीकर आणि रात्री १० ची वेळ. प्रहसन असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आधी पाठवून प्रमाणपत्र घ्यायचं, हौशी लोकांनाही लागतं, आणि हे शेवटच्या आठवड्यात होत नाही. गाण्यांचे हक्क हा खरा डोकेदुखीचा भाग. सिनेमाची गाणी स्टेजवर गायची म्हणजे आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) लायसन्स, रेकॉर्ड वाजवायचं तर रेकॉर्डिंगच्या हक्कवाल्यांचं वेगळं. "चॅरिटी आहे, आम्हाला कोण विचारतंय" हे चालत नाही, कॉपीराइट कायद्यात हौशी संस्थांना सूट आहे ती तिकीट नसलेल्या प्रेक्षकांसाठी किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला. दवाखान्यासाठी तिकीट लावून केलेला कार्यक्रम दोन्हीत बसत नाही. कायदा करणाऱ्यांनी देवळाच्या बरोबरीने दवाखाना का घातला नाही हे मला खरंच कळत नाही, बदलायला हवं हे.

लकी ड्रॉ तर काढूनच टाकायला लावला मी. शंभराचं कूपन विकायचं आणि सोडतीत टीव्ही द्यायचा, ही सरळ लॉटरी, आणि खासगी लॉटरी चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड विधानाचं २९४ए, आता न्याय संहितेचं २९७. शिवाय मोठ्या बक्षिसावर ३० टक्के टीडीएस, बक्षीस वस्तूचं असेल तर कर आधी भरून मग वस्तू द्यायची. शाळेच्या मुलांच्या हातात कूपनं देऊन घरोघर पाठवतात ते बघवत नाही मला. त्याच्याऐवजी बॅचमधल्या बायकांनी खाद्यपदार्थांचे स्टॉल लावायचं ठरवलं.

मानधनाचं. गायक, वादक यांना ट्रस्टने पैसे दिले आणि वर्षाला एकाला ५०,००० च्या वर गेले तर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. मोठे कलाकार अनेकदा म्हणतात, मानधन नको, देणगी समजा. मन मोठं आहे त्यांचं. पण न दिलेल्या पैशाची देणगी पावती फाडता येत नाही. त्यांना पावती हवी असेल तर ट्रस्टने मानधनाचा चेक द्यायचा, टीडीएस कापून, आणि त्यांनी स्वतःच्या खात्यातून देणगी परत द्यायची. पावती नको असेल तर मग काहीच करायची गरज नाही, नुसतं आभाराचं पत्र द्या.

आणि परदेश. बॅचमधले चौघे बाहेर आहेत, दोघे न्यू जर्सीत, एक दुबईत, एक लंडनला. भाऊ म्हणाला, "अगं तेच जास्त देणार आहेत, निम्मे पैसे त्यांच्याकडूनच यायचेत." इथे मी त्याला फोनवर थांबवलं आणि म्हटलं, प्रत्येकाला विचार की पासपोर्ट कुठला आहे. एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान विनियमन कायदा २०१०, हा पैसा कुठल्या देशातून आला यापेक्षा देणारा कुठल्या देशाचा नागरिक आहे ते बघतो. दुबईवाला भारतीय पासपोर्टवर आहे, त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवले तर ती विदेशी देणगी नाही. न्यू जर्सीतला एक एच१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, पासपोर्ट भारतीयच, त्याचंही चालेल. दुसऱ्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) आहे. तो आपला वर्गमित्र, याच मातीत वाढलेला, मराठीतच बोलतो, पण कायद्याने तो विदेशी स्रोत. त्याने पुण्याच्या बँकेतल्या त्याच्या रुपयाच्या खात्यातून पाठवले तरी विदेशीच. लंडनवालीचं पण तसंच.

दवाखान्याच्या ट्रस्टकडे एफसीआरए नोंदणी नाही, म्हणजे यांच्याकडून एक रुपया घेता येत नाही. नोंदणी काढू म्हटलं तर ट्रस्ट किमान तीन वर्षं जुना आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च केलेले असावे लागतात, मग नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं, २०२० नंतर विदेशी पैसा फक्त तिथेच उतरतो. ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगीचाही मार्ग आहे, पण त्यालाही गृहमंत्रालयाचाच दरवाजा आणि वेळ. "मी आईच्या खात्यात पाठवतो, आई देईल" हे तर प्रत्येकाला सुचतं. कायद्यातच लिहिलंय की विदेशी स्रोताकडून थेट आलेलं असो की मधे कोणामार्फत, ते विदेशीच. एफसीआरए असलेल्या दुसऱ्या मोठ्या संस्थेकडून वळवून घेऊ, तर २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला विदेशी पैसा देणंच बंद केलंय. मला या कायद्यामागचं कारण समजतं, बाहेरचा पैसा कुठे जातो यावर लक्ष हवंच, पण गावच्या शाळेत शिकलेल्या मुलीला गावच्या दवाखान्याला दहा हजार देता येत नाहीत याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवणार नाही. लंडनवालीला सांगितलं तेव्हा ती फोनवर रडली. मग तिने दुसरं काम घेतलं, सगळे फॉर्म, पावत्या, देणगीदारांची शीट ती तिकडून बघतेय, आणि खरं सांगते, त्या शीटशिवाय आमचा मे महिना वाईट गेला असता.

शेवटचं, उरलेल्या पैशाचं. हे कोणीच आधी ठरवत नाही. मशीन आठऐवजी साडेसातला मिळालं तर पन्नास हजार कुठे जाणार? किंवा पाचच लाख जमले तर? यावरून भांडणं होतात, ट्रस्ट मोडलेत. म्हणून आवाहनातच एक ओळ टाकायला लावली: जास्त जमल्यास डायलिसिसच्या गरजू पेशंटच्या खर्चासाठी, कमी जमल्यास निधी एक वर्षापर्यंत राखून पुन्हा आवाहन करू. ट्रस्टला दरवर्षी आपल्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी धर्मादाय कामावर खर्च करावे लागतात, पैसे पुढच्या वर्षावर न्यायचे तर वेळेत वेगळा फॉर्म भरावा लागतो, त्यामुळे कार्यक्रम फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि मशीन जूनमध्ये येणार असं असेल तर ट्रस्टच्या सीएला आधीच कानावर घाला. बॅचने कार्यक्रम नोव्हेंबरातच ठेवलाय, म्हणजे मशीन मार्चच्या आत येईल. पोस्टर नवीन बनलंय, क्यूआर दवाखान्याच्या ट्रस्टचा, खाली ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, ८०जीची ओळ, फॉर्मची लिंक, आणि "फक्त भारतीय नागरिकांकडून देणगी स्वीकारली जाईल" हे लाल अक्षरात. कोणाला हा मजकूर कॉपी करून वापरायचा असेल तर बिनधास्त वापरा, फक्त नोंदणी क्रमांक तुमच्या ट्रस्टचा टाका आणि ८०जीची मुदत संपलेली नाही ना ते आयकराच्या पोर्टलवर एकदा बघून घ्या, कारण २०२१ पासून ही मंजुरी कायमची नसते, नूतनीकरण करावं लागतं, आणि कितीतरी जुन्या ट्रस्टांच्या लेटरहेडवर अजून जुनाच नंबर छापलेला असतो.